आमच्या घरातली जर्मनी

"ट्रायल घेऊ ना, आबा!" असं म्हणून समोरच्या घरातली पोर दोन्ही तळहात चोळायची. नवी चप्पल असो, नवी भाजी असो, नाहीतर शाळेचा नवा रस्ता. आधी ट्रायल, मग बोलणं.

तिचे वडील चाकणला कंपनीत पार्ट तपासायच्या कामाला. पहिला पीस पास झाल्याशिवाय पुढचा माल सोडायचा नाही, हे त्या घरात आरतीसारखं पाठ. मी भोसरीत प्रेस मशीनवर जन्म काढला. नवी डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, चढवली की आम्हीसुद्धा आधी एक पीस मारून बघायचो. म्हणून माझं आणि त्या पोरीचं जमायचं.

मोशीला आमची बिल्डिंग. तिचं दार आणि माझं दार समोरासमोर, मधे चार फरश्या. तुम्ही आलात तर बघा, हात लांब केला तर एका दारातून दुसऱ्या दाराची कडी वाजेल.

दहावीचा निकाल लागला आणि एक दिवस ती जिन्यातनं ओरडतच वर आली. शाळेत ती जर्मन शिकायची. तिच्या बाईंनी सांगितलं होतं, तुझी निवड झाली. अकरावीचं वर्ष जर्मनीत, तिथल्या शाळेत, तिथल्याच एका कुटुंबात राहून. हो की नाही ते पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं.

तिची आई लातूरकडची. ती खालीच बसली. "अनोळखी लोकाच्या घरात लेकरू कसं राहील? मावशीकडं एक रात्र ऱ्हात न्हाई ही! आन् परत आल्यावर पुन्हा अकरावीच करायची. मैत्रिणी पुढं, ही मागं."

वडील म्हणाले, "तूच ठरव बाळा." हे सगळ्यात अवघड.

जायचं तर पोरीला होतं, डोळ्यांत दिसत होतं. पण आईचं म्हणणंही खोटं नव्हतं, रात्री आईशिवाय तिला झोप लागायची नाही. मग तिनं तळहात चोळले.

"ट्रायल घेऊ. सोमवारपर्यंत मी आबांकडे राहते. ते माझं जर्मन घर."

"मी कुठला जर्मन?" मी म्हणालो.

"तुम्ही हसत नाही, जेवताना बोलत नाही, पसारा चालत नाही. शोभता की, आबा."

नियम तिनेच केले. घरी जायचं नाही, आईला फोन नाही, मिळेल ते खायचं. पळून घरी गेली तर बाईंना नाही म्हणून सांगायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

संध्याकाळी बॅग घेऊन आली ती उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, "तिकडे घरात घालायच्या चपला वेगळ्या असतात. घरचे लोक पाहुण्याला देतात."

माझी बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिची टाच दुखायची, म्हणून मऊ चपला घेतल्या होत्या. त्या खाटेखाली होत्या तशाच होत्या. केर काढताना मी त्यांना वळसा घालायचो. त्या काढल्या, फडक्यानं पुसल्या, पोरीपुढं ठेवल्या.

"घाल."

कुणाच्या आहेत ते तिला ठाऊक होतं. तिनं त्या घातल्या. फरशीवर फटफट आवाज आला आणि मी मोरीत गेलो.

पण तो आठवडा काय सांगू! माझी भाकरी जाड, एका बाजूनं करपलेली. रात्री कालचीच पुढं केली तर ही खूश. "आबा, तिकडेही रात्री थंड ब्रेडच खातात!" एका संध्याकाळी ती फक्त जर्मन बोलणार आणि मी माझी भाषा. तिला पाहिजे होतं मीठ. मी काडेपेटी दिली, मग साबण दिला. हसून हसून तिला ठसका लागला. मलाही हसू आलं. किती दिवसांनी, ते मला विचारू नका.

सगळ्या बिल्डिंगला नाद लागला. वॉचमन रोज विचारायचा, "टिकली का हो पोरगी?" आई एकदा वरणफळाची वाटी घेऊन दारात आली.

"जर्मनीत वाटी पोचत न्हाई," मी म्हणालो आणि दार लावलं.

"आबा, माणूस हाव का कोण हाव तुम्ही!" बाहेरून आवाज आला.

शनिवारी संध्याकाळी समोरच्या घरातनं लसणाच्या फोडणीचा वास आला. धाकटा भाऊ आईला काहीतरी सांगत खिदळत होता. पोर उठली. घरातल्या चपला काढल्या, एका पायात बाहेरची चप्पल घातली आणि दार उघडून उभी राहिली. एक पाय माझ्या घरात, एक बाहेरच्या फरशीवर.

मी खाटेवरून उठलो नाही. "जायचं आसंल तर जा. दार तेवढं वढून घे."

ती गेली नाही. तिनं विचारलं, "आबा, आजीची आठवण आली की तुम्ही कुठे जाता?"

"कुठं जाणार? मोरीत जातो. तोंड धुतो. मग जरा येळानं भूक लागती. भूक लागली की माणूस सुटतो."

तिनं दार लावलं. मग चप्पल काढली, मोरीत गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आली तेव्हा नाक लाल.

"आबा, भूक लागली."

मी भाकरी वाढली. करपलेली बाजू खाली.

सोमवारी तिनं हो सांगितलं. जिन्यात हा दंगा! वॉचमन शिट्टी वाजवतोय, आई रडतेय आणि पेढेही वाटतेय. मीही टाळ्या वाजवल्या, सत्तरीच्या माणसानं वाजवाव्यात त्याहून जोरात.

आता ती तिकडे आहे. परवा फोनवर तिथल्या घरचा म्हातारा दाखवला. "आबा, हे तुमच्यापेक्षा जास्त बोलतात!" म्हणाली. मागं बर्फ पडत होता आणि ती तळहात चोळत होती.

तो फोन झाला आणि थोड्या वेळानं दार वाजलं. समोरची आई. हातात वरणफळाची वाटी, डोळे सुजलेले.

"आबा, इथवर तर पोचती ना वाटी?"

"पोचती."

तिनं बाहेरच्या चपला काढल्या आणि उंबऱ्यात अवघडून उभी राहिली. मी खाटेखालनं त्या मऊ चपला काढल्या आणि तिच्यापुढं ठेवल्या.

"घाल, पोरी," म्हणालो. "आमच्या घरात पाहुण्याला देत्यात."