‘अप टू स्क्रॅच’ नाही म्हणे!

उमेळ्याहून परदेशी जायला निघाले तेव्हा बाबा वाडीत केळी भरत होते. डागी फणी नेहमीसारखी टोपलीत सगळ्यात वर. घेणाऱ्याला आधी तीच दिसली पाहिजे, ही आमच्या घरची पद्धत. शेजारच्या काकू फाटकातूनच म्हणाल्या, "इथलं बी.कॉम. चालणार का गं तिकडे?" आमच्या घरातलं ते पहिलंच बी.कॉम. मी म्हटलं, "नाही चाललं तर चालवीन, काकू."

लीड्समध्ये टॉवेल-चादरींच्या कंपनीत माल तपासायचं काम मिळालं, प्रोबेशनवर. पहिल्याच मोठ्या रिपोर्टमध्ये मी मालातले दोष पहिल्या पानावर लिहिले. हाताला दुसरी सवयच नव्हती. साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, हे ‘अप टू स्क्रॅच’ नाही, म्हणजे पुरेसं चांगलं नाही. दोष मागच्या पानावर टाक, सोमवारी आण, मग तुला ठेवायचं का ते बघू.

घरी येऊन आधी रडले, मग इंग्रजीतले हिणवायचे शब्द शोधत बसले. ‘रन ऑफ द मिल’ म्हणजे गिरणीतून निघाला तसा, न निवडलेला माल. ‘शॉडी’ तर इथलीच: जुन्या लोकरी चिंध्या पिंजून विणलेलं कापड. गावंच्या गावं त्यावर जगली आणि आता हलक्या कामाला तेच नाव! आणि स्क्रॅच? मुष्टियुद्धात जमिनीवर ओढलेली रेघ. पडलेल्याने ठरल्या वेळात उठून स्वतःच्या पायांनी तिथवर यायचं. आला, तर लढत चालू. बस, एवढंच.

सोमवारी गेले. इंग्रजी नीट केलं होतं, पहिलं पान तेच ठेवलं होतं. "दोष पुढेच राहतील. गिऱ्हाइकाला आपल्याकडून कळू देत, टॉवेल धुतल्यावर नको." साहेब कुरकुरला, पण रिपोर्ट तसाच गेला. गिऱ्हाइकाने घासाघीस केली आणि माल घेतला. पुढे मला कायम केलं.

फोनवर आई म्हणाली, "नाही जमलं तर घर आहेच, असं सांगणार होते गं." तुम्ही गावाकडचे सगळे हे मायेने म्हणता. इकडे आलेली आपली पोरंही एकमेकांना हेच सांगतात. मला नको ते. हरलेल्याने तोंड लपवायची जागा, एवढं स्वस्त मी घराला करणार नाही. मी येईन ती रीतसर सुट्टी टाकून, परतीचं तिकीट काढून. आणि दारातूनच हक्काने विचारीन, "जेवायला काय केलंय?"