हाताखाली किती?

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असतील. चौथीपर्यंतच शिकले. तरी सर्जाकाकूंबद्दल कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटलं.

काकू आमच्या शेजारच्या. भात लावून झालं, हात रिकामे झाले, की पडवीत चिंचोक्यांचे ढीग मांडायच्या आणि एका ढिगावर तळहात पालथा ठेवायच्या. "हाताखाली किती?" बाजूच्या ढिगांवरून ओळखायचं. कुणी हात उचलायला गेलं की म्हणायच्या, "आदी बोल! उचलून तर मांजरबी बघंल." आकडा बरोबर आला तरी सुटका नसे. "कशावरून? आकडा कुनीबी ठोकंल. वाट दाव."

सत्तर सालाच्या आधी मी सारोळ्याहून लग्न होऊन वेल्ह्याकडच्या या गावात आले. लाजेनं माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे. सासूबाई म्हणायच्या, "मुकी गळ्यात बांधली. दिवाळीला म्हायेरी गेली की तिकडंच ऱ्हाऊ दे." ही थट्टा नव्हती. सासऱ्यांशी त्यांचं तसं बोलणं झालेलं मी चुलीपाशी ऐकलं होतं.

एका दुपारी काकूंनी आम्हा दोघींना बसवलं. एक, तीन, मग तळहात, मग दहा, पंधरा.

"वयनी, तुमी सांगा."

"पाच," सासूबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"आता तीनाफुडं पाचच की! आन किती?"

काकू माझ्याकडे वळल्या. मी सहा बोटं दाखवली.

"बोटं नगं. माजं कान अजून शाबूत हायेत."

"सहा."

"कशावरून?"

"एकाचं तीन झालं, दोन वाढलं. मग तीन वाढलं, मग चार, मग पाच. दर बारीला एक जादा."

त्या घरात मी एका दमात एवढं कधीच बोलले नव्हते. काकूंनी हात उचलला. सासूबाईंनी चिंचोके स्वतः मोजले.

"बया! बोलती की ही!"

"बोलती. तुमी कदी इचारलं व्हतं?"

त्या दिवाळीला मी माहेरी गेले, आणि भाऊबीज होताच सासूबाईंनी दिराला मला आणायला पाठवलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी काकूंच्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली. आमच्या शेवटच्या भेटीत त्यांनी डाव्या हातानं ढीग लावले. दोन, चार, तळहात, सोळा.

"आठ," मी म्हणाले.

त्यांचे ओठ हलले, शब्द आला नाही. हातही जागचा हलेना. मग मीच विचारलं, "कशावरून?" आणि मीच सांगितलं, "दर बारीला दुप्पट, काकू," पडवीत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तेव्हा कुठे त्यांनी हात उचलला.