फुगडीतला हात

माझी मुलगी मोबाइलवर जपानी कार्टून बघते. कार्टून म्हटलं की चिडते, ॲनिमे म्हणायचं. त्यातल्या कुठल्याशा शाळेत एक वर्गशिक्षिका आहे. गोष्ट तिची नाहीच, ती आपली कडेला उभी. कोणी रडायला लागलं की येते, खांद्यावर हात ठेवते, एक शहाणं वाक्य बोलते आणि जाते. मुलगी तिच्यावर फिदा. मला ती बाई दिसली की दात दुखतो.

कारण तशीच बाई माझ्याही वाट्याला आली होती.

माझे वडील सिंधुदुर्गातून गोव्यात आले आणि पाळी गावाच्या बाजूला खनिजाचा ट्रक चालवू लागले. आमचं गाव घाटाच्या खालचं, तरी शाळेत मी घाटी. खाणीची तांबडी धूळ सगळ्यांच्याच घरात शिरायची, पण मळके दिसायचे ते माझेच हात. चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी, तालुक्याची फुगडीची स्पर्धा असायची आणि मला शाळेच्या गटात जायचं होतं. दुसरं काही नको होतं. फुगडीत निदान कोणाला तरी आपला हात धरावाच लागतो.

"हिचो हात कोण धरतलो?" मुली म्हणाल्या.

वर्गाच्या बाई धारगळच्या, मायेच्या. त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं, बालदी मागवली आणि स्वतःच्या साबणाने माझे हात कोपरापर्यंत घासले. "बघा, किती स्वच्छ आहेत," म्हणून ते वर्गाला दाखवले. त्या दिवसापासून मी आत शिरताना मुली मला हात दाखवायला लावू लागल्या. बाईंना कळलं तेव्हा वाईट वाटलं. त्यांना फार पटकन वाईट वाटायचं.

तरी त्यांनी मला गटात घेतलंच. जोडीला दिली दुकानदाराची मुलगी. हातांची फुली घालून, मागे रेलून आम्ही फिरलो. मी फुगडी छान घालायचे, हे सांगायला कसली लाज? ऐन रंगात आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं, हसली आणि हात सोडले. मी थेट पायरीवर आपटले. पुढचा अर्धा दात तिथेच राहिला.

बाईंनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पदराने माझं तोंड पुसत त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि हळूच म्हणाल्या, "बाय, हात माज्यानच सुटलो म्हण. तंटो मिटतलो. मगे चेडवां तुका आपली म्हणतली."

मला त्या मुलींची आपली व्हायचं होतं. तोंडात रक्ताची चव घेऊन मी वर्गासमोर उभी राहिले आणि म्हटलं, हात माझ्याकडून सुटला.

मुलींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तर ही गटात नको. हात सोडणारीबरोबर फुगडी कोण घालणार? बिनतोडच होतं ते. बाईंनी माझं नाव गटातून खोडलं. स्पर्धेला त्यांनी मला बरोबर नेलं, सगळ्यांच्या चपला राखायला. आमच्या शाळेचा नंबर आला. बाई माझ्यासाठी उंडा आणि भाजी घेऊन आल्या. "ह्या बक्षिसात तुजोय वाटो आसा, बाय," म्हणाल्या. मोडक्या दाताने उंड्याचा कडक पाव तुटेना. मी नुसती भाजी खाल्ली.

गेल्या चवथीला डिचोलीच्या बाजारात बाई भेटल्या. गणपतीवरच्या माटोळीला बांधायची फळं निवडत होत्या. केस पांढरे झालेले, माया तशीच. मला चटकन ओळखलं, दातावरूनच असणार. माझ्या मुलीचा गाल कुरवाळत म्हणाल्या, "तुज्या आवशीन फुगडीत हात सोडलो, पण वर्गासमोर उबी रवान चूक कबूल केल्यान. रिटायर होयसर दरेक वर्गाक मी हिची गजाल सांगलंय."

त्यांचे डोळे भरून आले होते. नाटक नव्हतं ते. सांगून सांगून त्यांच्यापुरतं ते खरं झालं होतं. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी चार शब्द राखून ठेवले होते, ते जिभेवर आलेही. तेवढ्यात मुलीने वाकून त्यांना नमस्कार केला.

परतताना बसमध्ये ती खुशीत होती. "आई, तुझी टीचर अगदी ॲनिमेतल्यासारखी आहे." थोड्या वेळाने माझ्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "पण तू हात का सोडलास गं?"

"सुटला," मी म्हटलं.