मी त्याचा फोन बोलतेय

दुसऱ्याचा फोन उचलला की शीलाताई आधी "जय भीम" म्हणायच्या आणि मग शांतपणे सांगायच्या, "तो आत कामाला गेलाय. मी त्याचा फोन बोलतेय."

चाकणच्या आमच्या कंपनीत मोबाइल आत न्यायला बंदी होती. गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमध्ये लहान लहान खणांचं एक मोठं कपाट होतं. येताना आपल्या खणात फोन ठेवायचा, शिफ्ट सुटली की घ्यायचा. सकाळच्या शिफ्टला ते अख्खं कपाट वाजत, थरथरत, गात असायचं, आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून शीलाताई बसलेल्या असायच्या. निळा युनिफॉर्म, त्यावर बारा महिने स्वेटर. राहायला पिंपरीत, वडील तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते.

त्यांच्याआधीचे गार्ड फोन वाजू द्यायचे. शीलाताईंना ते जमेना. त्या म्हणायच्या, "घरात फोन होता तेव्हा जो जवळ असेल तो उचलायचा. आता ज्याचा त्याचा झाला, म्हणून मरेस्तोवर वाजतो." मग त्यांनी प्रत्येकाला विचारून घेतलं, तुझा उचलू का नको. ज्यानं नको म्हटलं त्याच्या फोनच्या पाठीवर त्या स्वतःच्या पाकिटातली एक टिकली चिकटवायच्या. पहिल्या महिन्यात कपाटातले निम्मे फोन टिकल्या लावून नटले होते. पुढं एकेकानं आपणहून काढून टाकल्या, कारण फोन उचलला गेला तर फायदा व्हायचा. सुटताना खणात चिठ्ठी असायची. माझ्या एका मित्राला एकदा मिळाली: 'आई – येताना मेथी आण. बायको – मेथी आणू नको.' मला मिळाली ती अशी: 'म्हैस व्याली. पारडी. दोघी बऱ्या.'

आमचं गाव चाकणच्या मागच्या अंगाला, घरी शेती आणि दोन म्हशी. आईला सुरुवातीला वाटलं, नंबर चुकला. नंतर इतकी सवय झाली की रविवारी मी स्वतः फोन उचलला तर ती म्हणायची, "तू व्हय. त्या बाई न्हाईत का?"

त्याच वर्षी मी देहूजवळच्या एका गावी मुलगी बघून आलो. पल्लवी नाव. मला ती आवडली आणि तिनं मला दोनदा पोहे वाढले, त्यावरून मी आशा धरली. पण माझे मामा म्हणत होते, आधी मुलीकडच्यांनी कळवायचं. आणि तिचे काका म्हणत होते, आधी मुलाकडच्यांनी. असे पंधरा दिवस गेले. बायोडेटावर तिच्या घरचा म्हणून जो नंबर होता, तो तिचाच मोबाइल होता. तो मी फोनमध्ये घालून ठेवला होता, पण लावायचा धीर होत नव्हता. रोज जेवणाच्या सुट्टीत गेटवर येऊन फोन बघायचो आणि परत जायचो.

शेवटी एका शनिवारी सकाळी पल्लवीनंच फोन केला. दुसऱ्या दिवशी तिला बघायला वाकडचा स्वतःचा फ्लॅट असलेला आयटीवाला येणार होता, आणि त्याआधी माझ्या मनात काय आहे ते तिला जाणून घ्यायचं होतं. मी लाइनवर बोल्ट आवळत होतो. फोन शीलाताईंनी उचलला. पुढं काय झालं ते पल्लवीनंच मला नंतर सांगितलं. तिनं नाव सांगून विचारलं, त्यांचा होकार आहे का, तुम्हाला काही माहीत आहे का. शीलाताई म्हणाल्या, "मला त्यानं काही सांगितलेलं नाही. पण इथं फोनवर तुझं नाव 'पल्लवी फायनल' असं आलंय. आता तूच समज. ठेवू नको, बोलावते."

आणि मग, आग लागली तरच वापरायचा असा जो माईक केबिनमध्ये होता, तो त्यांनी हातात घेतला. सगळ्या प्लांटमध्ये आवाज घुमला: "लाइन तीनवरच्या नितीननं लगेच गेटवर यावं. देहूच्या मुलीचा फोन आहे. लग्नाचा विषय आहे."

मी पळालो. पायात लोखंडी टोकाचे बूट, डोक्यावर हेल्मेट, आणि चारी लाइनींवरची माणसं बोल्ट आवळायचे पाने आपटून ताल धरत होती. सुपरवायझर म्हणाले, "जा भावा, मी थांबतो तुझ्या जागेवर." गेटवर पोचलो तेव्हा दम एवढा लागला होता की 'हॅलो'च्या पुढं शब्द फुटेना. पल्लवीच म्हणाली, "काकांना सांगू का मग?" मी हो म्हणालो. फोन ठेवला तर बाहेर थांबलेले ट्रक ड्रायव्हर टाळ्या वाजवत होते. परत गेलो तेव्हा सुपरवायझरांनी तीन बोल्ट वाकडे आवळून ठेवले होते.

माईकच्या गैरवापराबद्दल शीलाताईंकडून लेखी खुलासा मागवला गेला. माझ्यामुळं त्यांची नोकरी जाते की काय, अशी मला धास्ती होती. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या: 'कर्मचाऱ्याचे लग्न जमत होते. उशीर केला असता तर मोडले असते.' ऑफिसात तो कागद हातोहात फिरला आणि प्रकरण हसण्यावारी गेलं. कंपनीनं मात्र गेटवर एक तारेचा फोन बसवला आणि त्याचा नंबर घरी देऊन ठेवायला सांगितलं. तो नंबर कुणाच्याच लक्षात राहीना. घरचे आमच्या मोबाइलवर फोन करून शीलाताईंनाच विचारायचे, तुमच्या त्या नव्या फोनचा नंबर काय.

आमचं लग्न झालं त्या दिवशीही शीलाताई ड्यूटीवरच होत्या. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता, आणि त्यांनी एकच मागितलं होतं: घरच्या माणसांना आणा. इतकी वर्षं बोललेय, एकीचंही तोंड पाहिलेलं नाही. म्हणून आया आल्या, बायका आल्या, कुणाच्या सासवा आल्या. शीलाताई स्वेटर घालून दारात उभ्या होत्या आणि कुणालाच ओळखत नव्हत्या. माझ्या आईनं नुसतं "न्हाई वो ओळखलं?" म्हटलं, तर त्यांनी तिचा हात धरून आधी म्हशींची चौकशी केली.

पल्लवीनं पुढं होऊन त्यांचे दोन्ही हात धरले. ती नुसती हसत उभी राहिली.

"अगं, बोल काहीतरी," शीलाताई म्हणाल्या. "बोलल्याशिवाय मी कशी ओळखू?"

"मी पल्लवी."

शीलाताईंनी तिला जवळ घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "आवाज चांगला दणकट झालाय हिचा. संसार बरा चाललेला दिसतोय."