दुसरी घंटी

ऑपरेशन, केमो, रेडिएशनचे शेक, सगळं आटोपल्यावर मला खुर्ची मिळाली. बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीमागची. मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद... ज्या रस्त्यांवर मी कंडक्टर म्हणून वर्षानुवर्षं उभ्याने फिरले, त्यांची नावं माइकमध्ये पुकारायची आणि गप्प बसायचं. "आता आराम हाय तुम्हाले," येणारा-जाणारा म्हणायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टेबलाखाली पाय सारखे हलत असायचे.

सगळ्यात जास्त छळायची ती घंटी. आमच्या जुन्या लाल गाड्यांत छताखालून एक दोरी ड्रायव्हरजवळच्या घंटीपर्यंत जाते. कंडक्टरने एकदा ओढली की थांब, लागोपाठ दोनदा ओढली की चल. बाहेर एखादी गाडी निघताना टिंगटिंग वाजलं की माझा उजवा हात आपोआप वर जायला बघायचा आणि खांद्याशी अडायचा. गाठ उजव्या स्तनात होती, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. डाव्या हाताने ओढ, असं सांगणारे पुष्कळ भेटले. डाव्या हातात तिकिटाचं मशीन असतं आणि पैशांची बॅगही आता डाव्याच खांद्याला, हे त्यांना कोण समजावणार?

अकोल्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. भिंतीवरून बोटं चालवत वर न्या, दारावरून दोरी टाका आणि चांगल्या हाताने ओढून दुखरा हात वर न्या, असं त्यांनी करून दाखवलं. "ताण बसू द्या, कळ येऊ देऊ नका. आणि घाई नाही." घाई नाही म्हणे! मी संध्याकाळचा व्यायामही सकाळीच उरकून टाकायला लागले. हात सुजला. मॅडमनी व्यायाम बंद करून डॉक्टरांना दाखवायला लावलं आणि मला अशी झापली की मी मान खाली घालून ऐकून घेतलं. सूज उतरल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हात बरा वर जायला लागल्यावर मॅडमना विचारून मी पडवीत बसमधल्याइतक्याच उंचीवर दोरी ताणली आणि टोकाला बैलाच्या गळ्यातली जुनी घंटी बांधली. खाटेवर तूर निवडत बसलेल्या सासूबाई वैतागल्या.

"काऊन वं, काय टिंगटिंग लावून राह्यली?"

मी सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मंग मी डायवर," म्हणाल्या. दोन घंट्या लागोपाठ वाजल्या तरच खाटेवरून उठायचं, असा त्यांनीच नियम केला. आणि त्या उठायच्याच नाहीत. पहिली घंटी नीट व्हायची. हात खाली आला की पुन्हा वर नेताना काखेतून कोपरापर्यंत आतून कुणीतरी आवळून धरायचं, आणि दुसरी घंटी यायची ती रेंगाळत.

"तुयी दुसरी आलीच नाई," सासूबाई जागच्या हलायच्या नाहीत. मला त्यांचा राग यायचा. पण घरात एकट्या त्याच मला सूट देत नव्हत्या, हेही मला कळत होतं.

शेवटी डेपोच्या साहेबांनी सांगितलं, "एक दिवस गाडीवर जा. ड्रायव्हर जमतं म्हणाला तर ड्युटी, नाही तर ही खुर्ची कायमची."

नेमका मोताळ्याचा बाजार. ड्रायव्हर माझ्या जुन्या जोडीचे, मितभाषी. गाडी खचाखच भरली. मी तिकिटं संपवली, हात वर नेला, ओढली. एक. मग दुसरी, पण उशिरा. गाडी जागेवरच. म्हणजे मी ड्रायव्हरला दोन वेळा थांब सांगितलं होतं. मागून ओरडा सुरू झाला. पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याने उठून फटाफट दोरी ओढली आणि गाडी सुटली. "राहू दे माय, मी हाओ ना," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं.

"दोरीले कोणी हात लावाचा नाई!" मी ओरडले. म्हातारा खाली बसला.

पुढच्या थांब्यावर माझी दुसरी घंटी पुन्हा उशिरा आली. पण गाडी निघाली. त्याच्या पुढच्याही थांब्यावर निघाली. डेपोत परतल्यावर मी ड्रायव्हरला विचारलं, "अंतर पडलं तरी गाडी कशी काढली?"

"मले समजते तुमची घंटी, ताई." आणि साहेबांपुढे जाऊन ते म्हणाले, "जमते."

ड्युटी मिळाली. माणूस खरं तर पेढे वाटेल. मला रात्री झोप लागेना. हे जमणं त्यांचं होतं, माझं नव्हतं. त्यांची बदली झाली, ते रजेवर गेले, तर? मी पडवीतली दोरी सोडली नाही. सासूबाईंनीही खाट सोडली नाही. मग एका सकाळी टिंगटिंग झालं आणि त्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, चहा टाकायला गेल्या. मी आनंदाने नाचले वगैरे नाही. म्हातारीचं काय, कंटाळूनही उठली असेल, असंच मनात आलं.

पुढे जुने ड्रायव्हर खरंच रजेवर गेले. त्यांच्या जागी मेहकरकडचा एक नवा आला. मला न ओळखणारा, माझं काही न ऐकलेला. मोताळ्याहून निघताना तिकिटं संपवली. मी हात वर नेला. काखेत ओढ बसली, ती आता बसतेच. टिंगटिंग.

गाडी हलली. आरशात त्याचा वैतागलेला चेहरा दिसला.

"ओ बाई, हळू वाजवा ना! बहिरा नाही मी."

कित्येक महिन्यांत माझ्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. पुढच्या थांब्यावर मी आणखी जोरात ओढली.