व्हय म्हाराजा आणि सातवीचं इंग्रजी

गोवा घटक राज्य झालं त्याच पावसाळ्यात मला पेडण्याच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. नोकरी तात्पुरती होती. शिक्षण खात्याचे अधिकारी येऊन माझा एक तास बघणार आणि त्यांचं मत चांगलं पडलं तरच मला कायम करणार, असं हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. लाटंबार्सेच्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आईवडील भात आणि काजू करायचे. शनिवारी बस बदलत बदलत मी घरी पोचले की आई दारातच विचारायची, "कायम केलें गो तुका?" मी नाही म्हटलं की ती म्हणायची, "करतले, करतले," आणि चहा ठेवायला आत जायची.

स्टाफरूममध्ये तेव्हा मराठी की कोंकणी यावर रोज वाद चालायचे. दोन्ही बाजूंचे लोक वाद घालताना एकाच ताटलीतली भजी खायचे. माझी अडचण तिसऱ्याच भाषेची होती.

सातवीचा वर्ग मला दिला होता. मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, घरी पेडण्याची कोंकणी बोलणारी. त्यांना भूतकाळ शिकवायला घेतला तेव्हा सुरुवात झकास झाली. आपल्याकडे क्रियापद माणूस बघून वागतं, तो आला, ती आली, ते आले. इंग्रजीतलं 'केम' कोणाकडे बघत नाही. ही केम, शी केम, दे केम. "टीचर, हें बरें," पहिल्या बाकावरून आवाज आला, "एकूच पाठ करूंक जाय." पण पुढच्याच तासाला 'त्याच्याबरोबर', 'माझ्याकडे', 'आमच्यासाठी' आले आणि सगळ्यांची तोंडं मिटली. आपण सर्वनाम आधी म्हणतो आणि मागून त्याला शेपूट जोडतो. इंग्रजीत शेपूट पुढे येतं, आणि त्याच्या धाकाने 'ही'चा 'हिम' होतो, 'वी'चा 'अस' होतो. मुलं लिहायची, 'पोदेर अस टू केम.' पोदेर म्हणजे सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा. त्याला बिचाऱ्याला मी रोज फळ्यावर आणत होते आणि रोज तो चुकीच्या बाजूने घरात शिरत होता.

मला राग येत नसे. मीही शाळेत असंच लिहायची. माझ्या एका बाईंनी शाळा सुटल्यावर मला थांबवून हे बसवून घेतलं होतं, स्वतःची बस चुकवून. त्यांच्यामुळे मी या फळ्यापुढे उभी होते. पण त्यांच्यापुढे मी एकटी होते, आणि माझ्यापुढे अख्खा वर्ग गप्प बसला होता.

हीच मुलं मधल्या सुट्टीत काय आवाज करायची! एकदा मी व्हरांड्यातून जात होते. मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी पायरीवर उभी होती. तिचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. सणाच्या दिवशी देवापुढे उभं राहून ते सगळ्या गावाच्या वतीने मागणं मागत, आणि एकेक बोल पुरा झाला की जमलेले सगळे एका दमात 'व्हय म्हाराजा' म्हणत. पोरीने हात जोडले होते आणि वडिलांसारखाच आवाज लावला होता.

"बा देवा म्हाराजा! आज गणिताची चाचणी आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सरांक तिची आठवण येवंक दिवूं नाका म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" छपरावरचे कावळे उडाले.

मी खांबाआड उभी राहून ऐकत राहिले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बोल पुरा होण्याआधी कोणीही मध्ये तोंड घालत नव्हतं. कुठे थांबायचं आणि कुठे थांबायचं नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला पुढे बोलावलं. पाव आणणाऱ्याला पुन्हा एकदा वर्गात घेतलं आणि तिला सांगितलं, "आता हे गाऱ्हाण्यासारखं म्हण. 'टू अस' एका श्वासात. ते तोडायचं नाही."

ती आधी लाजली. मग तिने आवाज लावला. "द पोदेर केम!" "व्हय म्हाराजा!" "टू अस!" "व्हय म्हाराजा!" "ऑन अ सायकल!" "व्हय म्हाराजा!"

आठवडाभरात 'विथ हिम', 'फॉर हर', 'फ्रॉम देम' अशा जोड्या मुलांच्या तोंडात बसल्या. हसत हसत बसल्या. वहीत पोदेर योग्य दाराने घरात येऊ लागला.

हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. ते स्वतः देवळाच्या कामात असायचे. "बाई, देवळातलं गाऱ्हाणं वर्गात? उद्या पालक माझ्या दारात येतील. आणि साहेब आले की काय सांगायचं, आमच्याकडे इंग्रजी देवाला मागतात?"

"सर, मुलं बोलायला लागली आहेत."

"बोलू देत. पण साहेब येतील त्या दिवशी नको. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

मी मान डोलावली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

अधिकारी आले ते पाऊस ओसरल्यावर. पांढरा शर्ट, कमी बोलणारे. मागच्या बाकावर जाऊन बसले. हेडमास्तर दाराशी उभे राहिले. मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे प्रश्न विचारला, काल तुमच्या घरी कोण आलं? वर्ग गप्प. पुन्हा विचारला. एक मुलगा उठला आणि माझ्याकडे बघत पुटपुटला, "पोदेर... अस..." आणि खाली बसला. साहेबांनी काहीतरी लिहिलं. माझ्या डोळ्यांपुढे आईचा दार उघडणारा हात आला.

त्या गाऱ्हाणेवाल्या मुलीने हात वर केला. हळूच म्हणाली, "टीचर, आमच्या तरेन म्हणूं?"

मी हेडमास्तरांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर धीर झाला नसता. "म्हण," मी म्हटलं.

"द पोदेर केम!"

"व्हय म्हाराजा!" साहेबांच्या हातातलं पेन थांबलं.

"टू अस!" "व्हय म्हाराजा!" "माय मदर वेन्ट!" "व्हय म्हाराजा!" "टू हिम!" "व्हय म्हाराजा!" पोरीला आता चेव आला होता. तिने डोळे मिटले, हात जोडले. "अँड ही गेव्ह! द पाव! टू हर!"

आणि वर्गाबरोबर दारातून एक जाडसर, सवयीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

हेडमास्तरांचे हात जोडलेले होते. स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले आणि हात खाली कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. सगळा वर्ग हसत सुटला. मीही हसले, मग घाबरले.

साहेब हसले नाहीत. उठून पुढे आले. एकदम कोपऱ्यातल्या, कधी न बोलणाऱ्या एका मुलीला त्यांनी इंग्रजीत विचारलं, "मग तो पोदेर कुठे गेला?" आणि बाकीच्यांना बोट दाखवून गप्प बसवलं.

ती उभी राहिली. ओठ हलले. "ही वेन्ट," ती म्हणाली आणि थांबली. मागून 'व्हय म्हाराजा' आलं नाही. तिने एकटीनेच श्वास घेतला. "टू देम." खिडकीतून शेजारच्या घरांकडे हात केला.

"विथ?" साहेबांनी विचारलं.

"विथ हिज सायकल, सर."

"बस," साहेब म्हणाले. मग वर्गाकडे वळून कोंकणीत म्हणाले, "पेपरांत 'व्हय म्हाराजा' बरयलें जाल्यार मार्क कापतलों."

सहामाहीत एकीने ते बरयलं, म्हणजे लिहिलंच. मी खोडलं, पण मार्क कापले नाहीत.

माझा कायम झाल्याचा कागद हेडमास्तरांनी स्वतः वर्गाबाहेर आणून हातात दिला. मी वाकून नमस्कार केला. ते थोडे घुटमळले.

"बाई, आठवीचं इंग्रजीही कच्चं आहे. उद्यापासून त्यांनाही घ्या." दोन पावलं गेले आणि वळले. "तसंच घ्या. फक्त दार लावून. मला ऐकू आलं की राहवत नाही."