साखळीचं पाकीट

तुळजापुरात देवळाच्या रस्त्यावर कवड्यांच्या माळा विकणाऱ्या एका बाईच्या कमरेला भलंमोठं, चामड्याचं पुरुषी पाकीट साखळीनं अडकवलेलं असतं. त्यात नोटा दुमडत नाहीत, वाकलं तरी ते पडत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात. आपणही असंच एक घ्यावं, असं मी ठरवून टाकलं.

"गर्दीत चोरांची भीती नाही," मी म्हटलं.

"साखळी चोरांसाठी न्हाय ताई. मालकानं माझ्यासाठी लावलती. धंदा माझा, पाकीट त्यांचं. औषधाला पैसे मागितले की नुसती साखळी वाजवायचे."

"आता कुठं असतात ते?"

"घरीच. अंथरुणाला खिळलेत. च्यालाबी मलाच मागतेत."

"देता?"

"देती की," साखळी बोटावर गुंडाळत ती म्हणाली. "आधी वाजवती."